साडेसहा वारांचं लुगडं

मथुरामावशे,

तुझ्या घरात एकही काम वेळेवर पुरं झालेलं मी पाहिलं नाही, हे आधी सांगून टाकते. राग आला तर येऊ दे. दाराशी चरखा, त्यावर अर्धी भरलेली चाती. आत खड्ड्यातला माग, त्यावर माझी चादर, अर्धी. मधल्या खांबाला तुझ्या नवऱ्याच्या, बळीरामकाकांच्या खाटेसाठी निवारीची पट्टी बांधलेली, तीही अर्धीच. कोपऱ्यातल्या पेटीत सतरंजीसाठी जमवलेलं सूत. आणि पाण्याला निघालीस की डोक्यावर घागर, हातात टकळी. गोधड्या शिवायचा दोरा तू चालता चालता काढायचीस.

बळीरामकाका म्हणायचे, "मथुरे, या घरात पाच कामं गाभण हायेत. यंदा एखादं तरी जनीन काय?"

"आन् तुमी जिनातून येता तवा केसाइत पावभर कापूस आनता, थो कोन झटकते?" तू म्हणायचीस. तुझे हात थांबायचे नाहीत.

पोटासाठी नव्हतं ते. तुझ्या सासरची माणसं एके काळी जाडंभरडं कापड विणून गावोगाव विकत. गिरणीचं कापड आलं आणि माग बसले. पुरुष दिग्रसला कापसाच्या जिनात लागले, बायका दुसऱ्यांच्या शेतात वेचणीला. तुझ्या घरचा माग तेवढा राहिला, कारण तो खड्ड्यात होता आणि खड्डा बुजवायला कोणाला सवड नव्हती. मजुरीचं काम आटोपून तू त्यात पाय सोडून बसायचीस. दारव्ह्याच्या खादीवाल्यानं एकदा माणूस पाठवला, विणशील तेवढं घेतो म्हणाला. तू त्याला चहा पाजून परत पाठवलंस. मी विचारलं, काहून? तर म्हणालीस, "विकाले बसली तं मंग माह्यं काय राहीन?" हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. मी अमरावतीला कॉलेजात पहिल्या वर्षाला होते आणि मला सगळं कळतं असं माझं मत होतं.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पेटीतल्या सुताच्या प्रत्येक गुंडीला तू एक चिंधी बांधायचीस. एखादी हिरवी, एखादी काळी, एखादीला दोन गाठी. मला वाटायचं, गुंडी सुटू नये म्हणून बांधते.

१९५७ चा वैशाख. आदल्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा झाली तेव्हा आपल्या वस्तीतले चार पुरुष गेले, त्यात बळीरामकाका. बायका राहिल्या. डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि वस्तीत दोन दिवस चूल पेटली नाही. मग गावोगाव दीक्षा होऊ लागल्या. मी सुट्टीला आले त्याच आठवड्यात काका दारव्ह्याहून सायकल दामटत आले आणि अंगणातूनच ओरडले, "पुनवेले दारव्ह्यात दीक्षा हाये. आपली सारी वस्ती! बाया बी! पांढरे कपडे पायजेत."

पौर्णिमेला बारा दिवस होते.

तुझी सासू रामीआजी ओसरीवर बसली होती. तिचं वय कोणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही नाही. डोळ्यांत मोतीबिंदू, छातीत भाता. त्या उन्हाळ्यात ती ओसरीवरून अंगणात जातानाही मध्ये एकदा बसायची. पुढची दीक्षा, पुढचं वर्ष, असलं काही तिच्यापुढं उरलं नव्हतं. हे सगळ्यांना दिसत होतं, बोलत कोणी नव्हतं.

"बजारातून पांढरं लुगडं आनतो तुले," काका म्हणाले.

"बजारातलं नोको," आजी म्हणाली. "उतरलेलं बी नोको. आजवर या घरात पांढरं कापड आलं थे मड्यावरचंच आलं. थेच म्या फाडलं, थेच शिवलं, थेच नेसली. आता नवं पायजे. घरच्या मागावरचं. कोनाच्याच आंगाले न लागलेलं. नाई तं मी येत नाई. तुमी जा, न् बौद्ध होऊन या."

हल्लीच्या पोरींना हे सांगावं लागतं. गावात कोणी मेलं की प्रेतावरचं कापड महारांकडे यायचं. त्याला हक्क म्हणत. असले हक्क आपल्याला बरेच होते. दोन वर्षांपूर्वी वस्तीनं ठराव करून ते घेणं सोडलं, आणि रामीआजीनं घरात उरलेला गठ्ठा तुझ्यापुढं टाकून सांगितलं होतं की जाळून टाक.

आजीच्या लुगड्याचं सूत तू कातत होतीसच, पण दिवाळीपर्यंत होईल या हिशेबानं. त्यासाठी पहिल्या वेच्याचा स्वच्छ कापूस बाजूला काढलेला होता. आता बारा दिवस. नऊ वारांचं लुगडं म्हणजे अठरा हात. तुझा माग अरुंद, सव्वा हाताचा. म्हणून तेवढ्याच लांबीचे दोन पट्टे विणून मध्ये शिवायचे. म्हणजे छत्तीस हात कापड. ताणा, म्हणजे उभे धागे, मांडून त्याला पिठाची खळ लावायला तीन दिवस. उरले नऊ. रोज चार हात.

आणि वैशाखातलं ऊन. ज्यांनी हातसूत कधी विणलं नाही त्यांना यातली गोम कळायची नाही. कोरड्या हवेत सूत काडीसारखं होतं. हात लावला की तुटतं. पहाटे खड्ड्याभोवती पाणी शिंपून, ताण्याखाली ओलं पोतं घालून चार तास विणता येतं. ऊन चढलं की संपलं.

पण मागावर तर माझी चादर होती.

तू विळा घेतलास आणि माझी चादर अर्ध्यावर कापलीस. मी बघतच राहिले.

"मावशे! मी जूनमध्ये चाललीय परत! वसतिगृहात काय पांघरू?"

"पांघरजो काही बी. बिनाचादरीची कोनी मेली नाई. हे अर्धी ठेव, बाकीची दिवाळीले देतो जोडून."

अर्धी चादर माझ्या हातात देऊन तू गल्लीत गेलीस. तिथं काकांनी खुंट्या ठोकल्या होत्या, त्यांच्यावर ताणा मांडायचा होता. मी तुझ्या घरात फुगून बसले. थोड्या वेळानं माझी मलाच लाज वाटली. काहीतरी मदत करावी म्हणून पेटी उघडली. आत सगळा गोंधळ. जाड-बारीक, पिवळट-पांढऱ्या गुंड्या एकमेकींत, आणि सगळ्यांना मळक्या चिंध्या. मी कॉलेजच्या वाचनालयात पुस्तकं कशी लावतात ते पाहिलेलं होतं. सगळ्या चिंध्या सोडून उकिरड्यावर टाकल्या आणि गुंड्या रांगेनं लावल्या. जाड सूत वर, बारीक त्याखाली, आणि सगळ्यात पांढरं, सगळ्यात एकसारखं सूत तळाला, जपून.

तू आलीस, पेटीत पाहिलंस.

"चिंध्या कुठी?"

"फेकल्या. घाण झाल्या होत्या."

तू वरच्या दोन गुंड्या चाचपून पाहिल्यास. मग बाहेरून काकांनी हाक मारली, ताण्याचं टोक सुटलं होतं. "असू दे," तू म्हणालीस, "मह्या हाताले कयते कोनतं कोनतं." आणि धावलीस.

खरंच कळलं असतं तुझ्या हाताला. पण वेळ वाचावा म्हणून आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातल्या कांड्या भरायचं काम तू मला दिलंस. म्हणजे सूत आधी माझ्या हातातून जायचं, तुझ्या हातात भरलेली कांडी.

ताण्याला एक दिवस जास्त लागला आणि पाचव्या दिवशी पहाटे माग सुरू झाला. रामीआजी ओसरीवर माझ्या शेजारी बसायची. तिला दिसत नव्हतं, पण आडवा धागा दाबून बसवणाऱ्या फणीच्या ठोक्यावरून ती सांगायची: "तुटलं. आता जोडून राह्यली. हं, चाल्ली." हातभर कापडात आडवं सूत चार-पाच वेळा तुटायचं. तू थुंकी लावून जोडायचीस आणि पुढं. दिवसाला चार हात होत होते. एकदा साडेतीन, एकदा साडेचार. बळीरामकाका रोज वीत टाकून मोजायचे. "मथुरे, एक काम जनते वाट्टे!" तुला हसायलाही फुरसत नव्हती.

मागावरच्या सहाव्या सकाळी मी म्हणाले, "मावशे, आज कसं सूत छान चाललंय. कालपासून तुटलंच नाही."

ठोका थांबला.

तू धोट्यातून कांडी काढलीस. धाग्याचं टोक जिभेवर ओलं केलंस आणि चिमटीत उलटा पीळ दिलास. धागा उकलला. एकाचे दोन झाले. दोन बारीक, गुळगुळीत, गिरणीचे धागे.

"परभे, हे कोनत्या गुंडीचं होय?"

"तळच्या. सगळ्यात पांढरी होती ती. चांगलं शेवटी—"

तुझा चेहरा मी विसरले नाही. तू खालच्या आवाजात मला सांगितलंस, आणि मग मला त्या चिंध्या कळल्या. हिरवी म्हणजे माझी चादर. दोन गाठींची म्हणजे आजीचं लुगडं. काळी म्हणजे सतरंजी. आणि सतरंजीचं सूत आलं होतं आजीनं जाळायला सांगितलेल्या गठ्ठ्यातून. तू तो जाळला नव्हतास. मड्यांवरची कापडं धुऊन, एक एक धागा उसवून, दोन धागे एकत्र पिळून तू गुंड्या केल्या होत्यास. पायाखाली अंथरायला, अंगावर घ्यायला नव्हे. पाच कामांचं सूत तू एका पेटीत ठेवत होतीस आणि तुझी वही म्हणजे त्या चिंध्या होत्या. मी ती वही उकिरड्यावर टाकली होती.

बावीस हात झाले होते. शेवटचे पाच हात त्या सुताचे. पौर्णिमेला तीन दिवस.

काका आत आले. त्यांना सांगितलं. ते एकदम तुझ्यावर तापले. "तुह्या हातून सूत सुटत नाई! मेल्यावर चितेवर बी चरखा घेऊन जाशीन तू!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता कायले बोलतं? धुतलं का सारं सारखंच. बुडीच्या डोयाले दिसते काय? इन पुढं."

मीही तेच म्हणाले. वर आणखी शहाणपण केलं. सूत म्हणजे सूत, कापूस म्हणजे कापूस, त्याला काय चिकटून राहतं, हे सगळं मनाचं असतं, असं बरंच. दीक्षा घ्यायची ती असल्या शिवाशिवीतून सुटायला आणि आपणच—

"तू चूप राय," तू म्हणालीस. "तुले नाई नेसाचं थे."

"मथुरे!" ओसरीवरून आजीचा आवाज. "काहून थांबला माग?"

काकांनी तोंडावर बोट ठेवून आम्हाला खूण केली.

"तुटलं नाई. तुटल्याचा आवाज मले मालूम हाये. काहून थांबला?"

तू उठलीस. मी तुझा पदर धरला. सांगू नको, मी पुटपुटले, ती यायचीच नाही, आणि नाही आली तर पुन्हा कधी येणार ती? तू पदर सोडवून घेतलास. काका दारात आडवे उभे राहिले होते. त्यांना बाजूला सारून तू बाहेर गेलीस आणि आजीपुढं खाली बसलीस.

"आत्याबाई, तुमी जाळाले सांगतलं थे मी जाळलं नोतं."

आजी मिशेरी लावत होती. बोट तोंडातच राहिलं.

"त्याचं सूत काढून ठेवलं होतं सतरंजीले. थे लुगड्यात गेलं. पाच हात."

मी पुढं झाले. म्हणाले, चूक माझी आहे, चिंध्या मी सोडल्या. आजीनं माझ्याकडे तोंड वळवलं. "तू तं शिकली नं व? येवढी बुकं वाचतं, न् चार चिंध्या वाचता नाई आल्या तुले?"

मग तुझ्याकडे. "काहून नाई जाळलं?"

"चांगलं सूत होतं, आत्याबाई. जाळवलं नाई."

"मले बी मालूम हाये, सूत जाळवत नाई. म्हनूनच तुले सांगतलं. मले जाळवत असतं तं म्याच नसतं जाळलं काय?"

तिचा श्वास तेवढा वाजत होता. मला वाटलं, आता ती म्हणणार की मी येत नाही. काकांनाही तेच वाटलं असणार, कारण ते भिंतीशी टेकून खाली बसले.

"उसव," आजी म्हणाली. "मले घेऊन चाल आत. मह्यापुढं उसव."

आम्ही दोघींनी तिला धरून मागापाशी नेलं. पाय तिचे लटपटत होते, पण खड्ड्याच्या काठावर बसली आणि बोटं कापडावर ठेवली मात्र, ती बोटं वेगळीच झाली. तिला दिसायची गरज नव्हती. बोट फिरवत फिरवत एका जागी थांबली आणि म्हणाली, "अठून." तू म्हणालीस, हो, तिथूनच. त्या दोघी एक एक आडवा धागा मागे ओढून काढत राहिल्या. मी धागा गुंडाळत होते. विणायला सव्वा दिवस लागलेलं उसवायला चार तास लागले, कारण खळीनं धागे एकमेकांना धरले होते आणि उभा धागा तुटला तर सगळंच गेलं असतं. तीन तुटले.

उसवलेलं सूत आजीनं स्वतः चुलीत घातलं आणि त्याच जाळावर खळीचं भांडं ठेवलं. "येवढ्यानं तं काही शिजू दे," म्हणाली.

उरले सतरा हात. चांगलं सूत संपत आलेलं, दिवस दोन.

काका म्हणाले, "माय, पाचवारी नेस नं. सतरा हात हायेच, तीन हात आनखी इनले का झालं. आजकाल सगळ्या बाया पाचवारीच नेसतेत."

"मी काय मास्तरीन हाव?" आजी कडाडली. जन्मभर कासोटा घालून शेतात वाकलेली बाई, तिला गोल लुगडं म्हणजे उघडं फिरल्यासारखं. मग तूच तोड काढलीस. सात वार. सात वारांत कासोटा बसतो, निऱ्या कमी पडतात, पदर आखूड होतो. आजीनं बोटांवर हिशेब केला आणि हुंकार दिला. म्हणजे अठ्ठावीस हात. आणखी अकरा हवे.

सूत कुठलं? तू माझ्याकडे पाहिलंस. मी घरी जाऊन अर्धी चादर घेऊन आले. तिचं सूतही पहिल्या वेच्याचंच होतं. आजीनं ती हातात घेतली, चाचपली.

"आंगावर घेतली होती काय तुनं?"

"नाही," मी म्हणाले.

घेतली होती, मावशे. तीन रात्री उशाखाली घेतली होती. तुला आज सांगते. आजीला सांगायची माझी छाती झाली नाही. तू नुकतीच तिच्यापुढं बसून खरं सांगितलं होतंस, ते मी दोन हातांवरून पाहिलं होतं, आणि तरीही मी खोटं बोलले. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. ओळखलंस की नाही ते मी कधी विचारलं नाही.

चादर मी उसवली. आजीनं कांड्या भरल्या. माझ्या हाती पुन्हा सूत द्यायला ती तयार नव्हती. तू चरख्यावर दोन गुंड्या कातल्यास, शेजारची सुखीबाई कातायला कापसाचे पेळू करून देत होती. आता पहाटेचं चार तासांचं गणित राहिलं नव्हतं. ऊन चढलं तरी तू विणत होतीस. मी ओल्या फडक्यानं ताणा टिपत होते, काका नाल्यातल्या झऱ्यावरून घागरी आणत होते. सूत दर चार बोटांवर तुटायचं. फणी तू रागानं ठोकत होतीस, जितकी ठोकायला नको तितकी.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना सव्वीस हात झाले. दोन हात बाकी. आणि फणीत एक गाठ अडकली. तू ती सैल न करता ठोका दिलास. काड काड आवाज झाला. फणीच्या बांबूच्या काड्या उन्हानं वाळून ठिसूळ झाल्या होत्या. एकीपाठोपाठ दहा-बारा मोडल्या. मोडक्या काड्यांनी ताण्याचे वीसेक धागे कापले.

तू दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलीस. तेव्हा मी तुला पहिल्यांदा रिकाम्या हातानं बसलेली पाहिली.

"किती झालं?" आजीनं विचारलं.

"सव्वीस."

"म्हंजे साडेसहा वार."

"हाव."

"काढ मंग खाली. येवढ्याचंच नेसतो."

खळ धुवायला वेळ नव्हता, पाणीही नव्हतं. दोन पट्टे कापून तू आणि सुखीबाईनं दिवेलागणीच्या आत मध्ये टाके घातले. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे बैलगाड्या निघाल्या. वस्तीतल्या सगळ्या बायका बाजारातल्या गिरणीच्या साड्यांत, पांढऱ्याफेक. त्यात रामीआजी सायीच्या रंगाच्या लुगड्यात, खळीचा वास येणाऱ्या, ताठ, फुगलेल्या. कासोटा बसला. पदर डोक्यावर घेतला की खांदा उघडा पडायचा आणि खांदा झाकला की डोकं. तिनं खांदा झाकला. दारव्ह्याच्या मंडपात दोन हात जोडून ती उभी राहिली. पंचशील म्हणताना तिचा श्वास पुरत नव्हता, म्हणून ती प्रत्येक ओळीचं शेवटचं तेवढं म्हणत होती. तू तिच्या कमरेला हात घालून उभी होतीस, आणि तुझा दुसरा हात सारखा त्या मधल्या शिवणीवरून फिरत होता. टाके तपासत होतीस. मी मागून पाहत होते.

परत येताना कारंजाकडची एक बाई आजीला म्हणाली, "आजे, हे कुठचं व लुगडं? सरकारी हाये काय?"

"सरकारी?" आजी म्हणाली. "मह्या घरच्या सरकारचं!"

पावसाळा तिनं काढला. भादव्यात गेली. तिच्या अंगावर तेच लुगडं होतं आणि वस्तीतल्या माणसांनी ते तिच्या अंगावरून काढलं नाही.

त्या जूनमध्ये मी अमरावतीला निघाले, तेव्हा तू दारव्ह्याच्या ठेसनापर्यंत आलीस. छोटी गाडी नेहमीसारखी उशिरा. फलाटावर उभ्या उभ्या तुझी टकळी चालूच. म्हणालीस, "परभे, मले एक फणी आनून देजो. इकडं आता कोनी करत नाई. फणी आली का पयली तुही चादर."

"आणते," मी म्हणाले.

दिवाळीत आले ती रिकामीच. तू विचारलंस, फणी? मी म्हणाले, अमरावतीत मिळत नाही. खरं म्हणजे मी विचारलंच नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात, परीक्षा होती. त्याच्या पुढच्या, वेळ नव्हता. चादरीसाठी तू पुन्हा सूत कातून ठेवलं होतंस, हिरवी चिंधी बांधून, पेटी भरून. माग तसाच पडला होता. निवारीची पट्टी तू पुरी केलीस. तिला फणी लागत नाही. काका त्या खाटेवर झोपायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "हे पाय, हे एक जनलं."

१९६२ साली मी नागपूरला शाळेत लागले. माझ्या शाळेच्या रस्त्यावर विणकरांचा मोहल्ला होता, त्यात एक फणीवाला. पासष्टच्या हिवाळ्यात एकदाची त्याच्या दुकानाची पायरी चढले. त्यानं विचारलं, रुंदी किती आणि घरं किती? मला सांगता येईना. नुसती रुंदी सांगून काय करू बाई, म्हणाला, किती धागे बसवायचे ते पाहिजे. मी तुला कार्ड टाकलं. काकांनी कोणाकडून तरी लिहवून आठ दिवसांत उत्तर पाठवलं. रुंदी होती, घरांचा आकडा होता, आणि खाली एक ओळ होती: मथुरा म्हणते घाई नाही.

ते कार्ड मी पर्समध्ये ठेवलं. मग सहामाहीचे पेपर तपासायला आले. मग संमेलन. मग माझं लग्न ठरलं. फणीवाला सोमवारी बंद असायचा आणि मला सवड सोमवारीच मिळते असं मी स्वतःला सांगत राहिले. सदुसष्टच्या मार्चमध्ये काकांचं दुसरं कार्ड आलं, तू गेल्याचं.

शाळेच्या फाटकापासून ते दुकान चालत सात मिनिटांवर होतं. मी गेले नाही.